जुनी थार घेतोय: १६ इंची लोखंडी रिम बरी का १८ इंची अलॉय? (पाणंद रस्ता आहे)

पाटणकर_पुण्यात

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

महिंद्राची थार घ्यायची ठरलीये, तीन दरवाज्यांची, डिझेल मॅन्युअल, फोर बाय फोर, सेकंडहँड. नवीन बजेटमध्ये बसत नाही आणि घरून परवानगी पण तेवढीच आहे. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक २०२१ ची एएक्स ऑप्शनल (खालचं मॉडेल), १६ इंची लोखंडी रिम, टायर २४५/७५ आर१६. दुसरी २०२२ ची एलएक्स (वरचं मॉडेल), १८ इंची अलॉय, टायर २५५/६५ आर१८, शिवाय टचस्क्रीन, क्रूझ वगैरे. एलएक्सवाला ९० हजार जास्त मागतोय आणि खाली यायला तयार नाही.

वापर सांगतो. गाव पाटण तालुक्यात, डांबरी सोडली की घरापर्यंत अडीच किलोमीटर पाणंद, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडलेल्या, मधे एक ओढा. जून ते ऑक्टोबर आमची हॅचबॅक डांबरीवरच लावून चालत जावं लागतं, आईचे गुडघे गेलेत त्यामुळे तिला तेवढे महिने गावाला नेताच येत नाही, खरं कारण ते आहे गाडी घ्यायचं. महिन्यातून दोनदा गाव, बाकी पुण्यात ऑफिस आणि हायवे.

आता एक टायरवाला म्हणतो एएक्स घ्या आणि २८५/७५ आर१६ टाका, बाहेर आलेल्या रिम, दोन इंच लिफ्ट, मग बघा गाडी कशी दिसते. ऑफिसमधला मित्र म्हणतो थार सोड, मारुतीची जिम्नी घे. आणि ते डिफ लॉक प्रकरण मला अजून नीट कळलेलं नाही. मार्गदर्शन करा.

रोडकिंग_नाशिक

१८ इंची. विषय संपला. १६ वर थार अंडरपँटमध्ये उभी असल्यासारखी दिसते 😄

सह्याद्री_लो_गिअर

वरच्या भाऊंचं मनावर घेऊ नका, त्यांची गाडी मॉलच्या पार्किंगच्या पलीकडे गेलेली नाही.

आधी हिशोब करू, कारण लोकांना वाटतं १८ म्हणजे मोठं चाक. २४५/७५ आर१६ म्हणजे रुंदी २४५ मिमी, रबराची उंची त्याच्या ७५ टक्के म्हणजे साधारण १८४ मिमी, ती वर आणि खाली दोन्हीकडे, अधिक १६ इंच रिम. एकूण ७७४ मिमी. १८ वाल्याची रबराची उंची १६६ आणि एकूण ७८९. म्हणजे पूर्ण चाकात फरक १५ मिमी, आणि एक्सल वर उचलला जातो त्याच्या निम्मा, साडेसात मिमी. करंगळीएवढा पण नाही. ९० हजारात तुम्ही उंची विकत घेत नाही आहात, उलट १८ मिमी रबर कमी घेताय. आणि पाणंदीत काम ते रबरच करतं, दगडावर चढताना ते दबतं, धक्का खातं, रिम वाचवतं. लोखंडी रिमची कड वाकली तर गावातला पंक्चरवाला पण घणाने ठोकून सरळ करून देतो, हवा धरते. अलॉयला चीर गेली की ती रिम गेलीच समजा, वेल्डिंग करून देणारे आहेत पण त्यावर हायवेला ११० ने जायची माझी तरी हिंमत नाही.

हवा कमी करायचा मुद्दा पण त्यातच आला. पाणंद सुरू झाली की मी २०-२२ पीएसआयवर आणतो, टायर लांबट होऊन जमिनीला जास्त चिकटतो आणि गाडीतल्यांची हाडं पण कमी खिळखिळी होतात. आईंना नेणार असाल तर हे एकच काम सगळ्या अॅक्सेसरीजपेक्षा जास्त उपयोगी पडेल. पण परत डांबरीला लागताना दरवाज्यावरच्या स्टिकरवर आहे तेवढी हवा भरायची म्हणजे भरायचीच, कमी हवेवर हायवेला पळवली की टायर तापतो आणि फुटतो. छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा.

आता ते २८५. व्यास ८३४ मिमी, मूळपेक्षा ६० ने जास्त म्हणजे पावणेआठ टक्के. चांगली बाजू एकच, एक्सल ३० मिमी वर जातो, आणि हे लिफ्टने होत नाही बरं का, लिफ्टने बॉडी वर जाते पण मागच्या डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधोमध, दोन चाकांना ताकद वाटणारा) गोळा आहे तिथेच राहतो, चाकोरीमधल्या उंचवट्याला तो जसा घासायचा तसाच घासतो. बाकी सगळं वाईट. चाक मोठं म्हणजे सगळे गिअर लांब झाले, फोर लो (फोर बाय फोरचा हळू, ताकदीचा गिअर) मधे सुद्धा गाडी जरा जास्तच पळते, चढाला क्लच जास्त धरावा लागतो आणि वास येतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून खड्ड्यात गेलात की आतल्या प्लास्टिकला घासणार. ब्रेकला जास्त मेहनत. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा चाकं १०० पेक्षा सात-आठ टक्के जास्त पळत असतील, आणि एक्सप्रेसवेवरच्या कॅमेऱ्याला तुमच्या टायरशी काही देणंघेणं नाही. शिवाय स्टेपनी मागच्या दरवाज्यावर लटकते, तिथे एवढं वजन टांगलं की वर्षभरात बिजागरी कुरकुरायला लागते, माझ्या ओळखीत दोघांची लागली.

काळी_आई

परभणीकडून. आमच्याकडं तुमच्यासारखा दगड-मुरूम नाही, काळी माती. तिथलं गणित वेगळंय म्हणून लिहितो.

काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर एटी (डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणारा) टायर असो का कसलाबी असो, दहा फुटात खाचा भरतात आणि टायरचा लाटणं होतंय, नक्षी दिसतच नाही मग धरणार काय. एमटी (खास चिखलाच्या) टायरच्या खाचा मोठ्या, चाक जरा जोरात फिरवलं की माती फेकून देतो, तेवढाच फायदा. पण तोच एमटी डांबरीवर घूं घूं आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरीवर ब्रेक मारला की पोटात गोळा येतो. महिन्यातून दोनदा गावाला जाणाऱ्यानं एमटी घेऊ नये असं माझं मत, एटी बास झाला. आणि खरं सांगू का राव, वापसा आल्याशिवाय (माती जरा सुकल्याशिवाय) रानात गाडी घालूच नये, थार असो नाहीतर रणगाडा. मी दोनदा घातली आणि दोनदा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली, तिसऱ्यांदा बोलवायला लाज वाटली म्हणून अक्कल आली.

कुडाळची_जिम्नीवाली

माझ्याकडे जिम्नी आहे म्हणून त्या मित्राच्या बाजूने दोन शब्द. चाक १९५/८० आर१५, थारसमोर सायकलचं वाटतं, पण गाडी पाचेकशे किलो हलकी आहे. आमच्याकडच्या तांबड्या मातीत वर चार बोटं शेवाळ्यासारखा चिखल असतो आणि खाली जांभा, तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली जांभ्याला टेकतो आणि चालायला लागतो. रुंद टायरवाले वरच तरंगत घसरतात. परभणीसारखा तळच नसलेला चिखल असेल तर मात्र रुंद बरा, तिथे टेकायला काही नसतंच. म्हणजे रुंद म्हणजे चांगला असं सरसकट काही नाही. हिच्यात सुद्धा रिमचं आहेच, झेटा मॉडेलला लोखंडी, अल्फाला अलॉय, मी अल्फा घेतली आणि वर्षाच्या आत एक अलॉय जांभ्याच्या कडेला ठेचून घेतली.

पण दादा, एक विचारते, इतक्या जणांनी लिहिलं आणि कोणीच विचारलं नाही. आईंचे गुडघे गेलेत म्हणताय, मग त्या चढणार कशा? तीन दरवाज्यांच्या थारमधे मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं, म्हणजे त्या पुढेच बसणार. पुढे पण पाऊल बऱ्यापैकी वर टाकावं लागतं. त्यात तो टायरवाला ३० मिमी टायरने आणि दोन इंच लिफ्टने वाढवतोय, म्हणजे तीन इंचाहून जास्त. ज्या बाईसाठी गाडी घेताय तिलाच स्टूल घेऊन फिरावं लागेल.

पाटणकर_पुण्यात

ताई, खरंच डोक्यात आलं नव्हतं हे 🙏 लाज वाटली वाचून. २८५ आणि लिफ्ट कॅन्सल.

जिम्नी पण बघितली होती, पण शेतातली पोती आणि खताच्या गोणी न्यायच्या असतात, आणि सौ. ला ती लहान वाटते. थारच फायनल. म्हणजे एएक्सकडे कल झालाय. आता ते डिफ लॉकचं कोणीतरी सोपं करून सांगा, जाहिरातीत दोघांनीही लॉकर आहे असं लिहिलंय.

सह्याद्री_लो_गिअर

फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ढकलतात हा गैरसमज आहे. साध्या डिफरन्शियलमधे ताकद तिकडे पळते जिकडे विरोध कमी. चाकोरीत गाडी तिरकी अडकली, मागचं डावं चाक हवेत, पुढचं उजवं हवेत, की ती दोन गरागरा फिरतात आणि जमिनीवरची दोन गप्प. यावर दोन इलाज. एक ब्रेकवाला, फिरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो आणि ताकद दुसऱ्या चाकाला जाते, चालतं पण थांबत थांबत, अॅक्सिलरेटर दाबून धरावा लागतो. दुसरा मेकॅनिकल लॉकर, मागच्या एक्सलमधे, दोन चाकांच्या वेगात ठराविक फरक पडला की आपोआप दोन्ही एकत्र बांधतो. बटण नसतं. नवखे लोक चाक फिरलं की घाबरून पाय काढतात, मग तो लागतच नाही. जरा फिरू द्यायचं, खट्ट होतं आणि गाडी पुढे.

तुमच्या वापराला ९० हजारांच्या अलॉय-टचस्क्रीनपेक्षा हा लॉकर असणं जास्त महत्त्वाचं, कारण टायर कधीही बदलता येतो, हा मागाहून टाकणं खर्चिक आणि कटकटीचं. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, "लॉकर आहे" म्हणजे बऱ्याचदा ब्रेकवालाच असतो. चासी नंबरवरून सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि बांधावर किंवा गटाराच्या कडेला मागचं एक चाक हलकं होईल अशी गाडी नेऊन बघा. जॅकवर एक चाक उचलून गिअर टाकून बघायचा शहाणपणा करू नका, लॉकर लागला की जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून पुढे ढकलतं.

टायरची तारीख पण बघा. साईडवॉलवर चार आकडे असतात, ३४२१ म्हणजे २०२१ चा चौतिसावा आठवडा. नक्षी छान दिसते पण रबर कडक झालेलं असतं.

घासाघीस

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. फेंडरच्या बाहेर आलेली चाकं तर लांबूनच दिसतात, आणि अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर पहिला फोटो त्याचाच काढतो. रिमचा ऑफसेट (चाक किती बाहेर येतं ते) बदलला की बेअरिंगवर भार येतो आणि चिखल स्वतःच्याच काचेवर उडतो ते वेगळं.

एलएक्सच आवडली असेल तर एक मार्ग आहे, १६ इंची लोखंडी सेट असलेला कोणीतरी १८ च्या शोधात असतोच, अदलाबदल करा. मी तशीच केली. फक्त आधी एक चाक लावून हाताने फिरवून बघा ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना, आणि टायर प्रेशरचे सेन्सर काढून घ्यायला विसरू नका, मी विसरलो.

पाटणकर_पुण्यात

अपडेट. काल एएक्स परत बघितली. यार्डामागे मातीचा ढीग होता, मालकाला विनवण्या करून तिरकी चढवली. मागचं चाक फिरलं, मी पाय काढणार होतो तेवढ्यात तुमचं आठवलं, जरा दाबून धरला, खट्ट आवाज आला आणि गाडी वर. मालक स्वतःच "अरे वा" म्हणाला, म्हणजे त्याला पण माहीत नव्हतं 😂 चासी नंबर पाठवलाय, उत्तर यायचंय.

टायर मात्र तीन २०२१ चे, एक २०२३ चा, बहुतेक कधीतरी एक फाटला असेल. स्टेपनी कोरी, तारीख २०२१. एकच टायर बदलून भागेल का?

सह्याद्री_लो_गिअर

नाही. फोर बाय फोरमधे चारही टायर सारखे झिजलेले पाहिजेत. थारमधे पुढचा-मागचा एक्सल फोर एचला (फोर बाय फोरचा नेहमीच्या वेगाचा मोड) सरळ एकत्र बांधला जातो, मधे डिफरन्शियल नाही, चाकं कमीजास्त मोठी असली की ताण सगळा ट्रान्सफर केसवर (दोन्ही एक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी). कोरड्या डांबरीवर फोर एच लावू नका ते याच कारणाने. चार नवीन घ्या, तीच साइज, एटी, आणि त्यांची किंमत मालकाकडून कापून घ्या. जुन्यातला बरा असेल तो स्टेपनीला नको, ती कोरी आहे तीच राहू दे, पण तिला पाच-सहा वर्षं झाली की तीही काढा.

कुडाळची_जिम्नीवाली

आणि फूटस्टेप लावून घ्या दोन्ही बाजूंना. ऑफरोडवाले हसतील, दगडाला घासते म्हणतील, घासू दे. पुढच्या खांबाला धरायला हँडल आहे का तेही बघा.

पाटणकर_पुण्यात

शनिवारी आईलाच घेऊन जातो यार्डात. आधी ती चढून-उतरून बघू दे, टोकन नंतर.