मदत हवी आहे : जुन्या हार्ड डिस्कमधला डेटा कायमचा कसा पुसायचा?

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरजवळचं बाबांचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस या महिनाअखेरीस बंद करतोय. टेबलं, कपाटं मार्गी लागली, घोडं अडलंय कॉम्प्युटरपाशी. भंगारवाला चारही डबे एकगठ्ठा न्यायला शनिवारी टेम्पो घेऊन येतोय.

बाबांचं म्हणणं, "फॉरमॅट मारलाय ना, मग झालं." मलाही तसंच वाटायचं. पण परवा सहज एका फॉरमॅट केलेल्या डिस्कवर रेकुव्हा (पुसलेल्या फाइल्स परत काढणारं सॉफ्टवेअर) चालवलं आणि पोटात गोळाच आला. पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांची पॅन कार्डं, पासबुकांची स्कॅन, एक्सेलमधले ताळेबंद, सगळं परत हजर. एका काकांच्या मुलीच्या लग्नखर्चाची यादीसुद्धा! ही माणसं बाबांच्या भरवशावर कागद ठेवून गेलेली.

माल असा : रुंद पट्टीच्या केबलवाल्या दोन जुन्या आयडीई डिस्क (४० आणि ८० जीबी), बारीक केबलवाल्या नंतरच्या ५०० जीबीच्या दोन सॅटा डिस्क. त्यातली एक टकटक वाजते, विंडोजला दिसतच नाही. शिवाय बाबांच्या लॅपटॉपची २४० जीबीची एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क).

३५ वेळा पुसावं लागतं असं वाचलं, खरं का? बंद पडलेल्या डिस्कचं काय करायचं? एका दुकानात विचारलं तर "ठेवून जा, संध्याकाळी या" म्हणाले. अहो, ठेवून जायचं नाही हाच तर मुद्दा आहे!

सिडकोकर :
ताई, क्विक फॉरमॅट म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडणं. शेत जागच्या जागीच असतं. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये 'क्विक'ची खूण काढून फॉरमॅट केलं तर डिस्कवर शून्यं लिहिली जातात. एक्सपीचं पूर्ण फॉरमॅट मात्र नुसते खराब सेक्टर तपासायचं, त्यावर जाऊ नका.

३५ वेळांचं प्रकरण १९९६ च्या पीटर गटमनच्या निबंधातलं. ते त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्क धरून लिहिलेलं, आजच्या डिस्कला त्याची गरज नाही हे त्यानेच नंतर सांगितलंय. एकदा नीट पुसणं पुरे. पेन ड्राइव्हवर श्रेडओएस टाका, कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू होतो आणि त्यात एनवाइप हा डिस्क पुसणारा प्रोग्राम आहे. जुना डबा पेन ड्राइव्हवरून सुरू होत नसेल तर डीबॅन या तशाच प्रोग्रामची सीडी. आधी बाकीच्या सगळ्या डिस्क काढून ठेवा, मी एकदा स्वतःचेच फोटो पुसलेत. ५०० जीबीला दोन-अडीच तास लागतील, डिस्क यूएसबी २ च्या बाहेरच्या डबीत घालून केलंत तर पाच. लाइटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर लावा.

जुना_खिळा :
टकटकवाली पुसली जाणार नाही, फोडायचीच. झाकणाला चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतात, एक लेबलखाली लपलेला असतो. आतल्या तबकड्यांना ड्रिलने चार-पाच भोकं पाडा, डोळ्यांवर चष्मा हवाच. फ्रिजवरच्या लोहचुंबकाने काही होत नाही, ते सिनेमात.

एसएसडीला एनवाइपवर विसंबू नका. तिचा कंट्रोलर (आतली कारभार बघणारी चिप) नवं लिखाण भलतीकडेच ठेवतो, जुनं कुठेतरी शिल्लक राहू शकतं. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून एचडीपार्म या कमांडने सिक्युअर इरेज द्या, म्हणजे एसएसडी स्वतःच स्वतःला पुसते.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. ८० आणि चालू ५०० पुसून झाल्या, रेकुव्हाला काहीच सापडलं नाही. ४० जीबीची टकटकवालीबरोबर फोडू म्हटलं तर बाबा अडून बसले, "चालू वस्तू मोडायची?" शेवटी तीही पुसली.

एसएसडीला मात्र 'फ्रोझन' लिहून येतंय. आता?

जुना_खिळा :
बायोसने (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरने) कुलूप घातलंय. लिनक्स चालू असतानाच लॅपटॉप स्लीपला टाका, मिनिटभराने उठवा. बहुतेक वेळा सुटतं.

धागाकर्ती :
सुटलं! दोन मिनिटांत कोरी. डबे आज गेले. डिस्क नाहीत म्हणून भंगारवाल्याने डब्यामागे शंभर रुपये कापले. टकटकवाली बाबांनी स्वतः उघडली, आतली दोन चुंबकं आता आमच्या फ्रिजवर आहेत.