निलगिरीचा पल्प : १६० अंश की १७०? कुकिंगबद्दल सल्ला हवा

रानपाखरू
नमस्कार. केमिकलचा डिप्लोमा करून सव्वा वर्षापूर्वी एका पेपर मिलच्या लॅबमध्ये लागले. आमच्याकडे आजवर बांबू चालायचा, आता निलगिरीही घ्यायची आहे, म्हणून छोट्या डायजेस्टरमध्ये (लाकडाच्या चिप्स शिजवायच्या बंद भांड्यात) चाचण्या करते आहे. लाकूड टेरेटिकॉर्निस जातीचं, शेतकऱ्यांकडून आलेलं. अल्कली कोरड्या लाकडाच्या १७ टक्के, सल्फिडिटी (त्यातला सोडियम सल्फाइडचा वाटा) २२ टक्के, तापमान गाठल्यावर दीड तास धरून ठेवते.

१७० अंशाला कप्पा (पल्पमध्ये उरलेल्या लिग्निनचा, म्हणजे तंतू चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याचा आकडा) १५ आला, रिजेक्ट (न शिजलेले तुकडे) जवळजवळ नाहीत, पण यील्ड (लाकडातून मिळालेला पल्प) ४४ टक्के आणि शीटचं टिअर (फाटायला होणारा विरोध) अगदीच कमी. १६० ला यील्ड ४७, पण कप्पा २३ आणि चाळणीवर मूठभर अर्ध्याकच्च्या चिप्स. साहेब म्हणतात १७० च ठेव, ब्लीचिंगचं केमिकल वाचेल. मला पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. पल्प छपाईच्या कागदासाठी हवा आहे. काय बदलून बघू?

चंद्रपूरकर
तुमची शंका रास्त आहे. माझी एकतीस वर्षं डायजेस्टर हाउसमध्ये गेली, बहुतेक बांबूवर, शेवटची काही निलगिरीवर.

आधी त्या मूठभर चिप्स फेकू नका. एकेक चिप ब्लेडने आडवी चिरा. बाहेरचा भाग ओल्या पुठ्ठ्यासारखा बोटाने सुटेल आणि मधे फिकट, कडक पट्टी दिसेल. तिथवर लिकर (शिजवायचं सोड्याचं पाणी) पोचलेलंच नाही. मग व्हर्नियरने जाडी मोजा. बहुतेक चिप्स आठ मिलिमीटरच्या पुढच्या निघतील. सोडा चिपमध्ये सगळ्या बाजूंनी शिरतो, म्हणून लांबीपेक्षा जाडीला जास्त महत्त्व. म्हणजे हा दोष तापमानाचा नाही, चिपरच्या सुऱ्यांचा आणि चाळणीचा आहे. १७० ला नेलं की जाड चिपचा गाभा शिजतो खरा, पण तोवर पातळ चिप्सची वाट लागते. एकाच भांड्यात हरभरे आणि मूगडाळ लावली तर हरभरे मऊ होईपर्यंत डाळीची पेज होते, तसंच हे.

आणि टिअरची तुलना बांबूशी करू नका. निलगिरीचा तंतू एक मिलिमीटरच्याही आत, बांबूचा त्याच्या दुप्पट. बांबूचं टिअर निलगिरीत कधीच मिळणार नाही. तिचे गुण वेगळे : बल्क (वजनाच्या मानाने जाडी), अपारदर्शकता, छपाईला लागणारा गुळगुळीतपणा.

जलतरंग
काकांशी सहमत. दोन प्रश्न. १७ टक्के हे सोडियम ऑक्साइडच्या हिशोबात की कॉस्टिकच्या? ऑक्साइडचे १७ म्हणजे कॉस्टिकचे जवळजवळ २२. दुसरं, चिप्सचं वजन ओलावा वजा करून धरता ना? यातलं एक जरी चुकलं, तरी पुढचे सगळे आकडे फसवे.

आता तापमानाबद्दल. तुम्हाला वाटतंय की दोन कुकमध्ये दहा अंशांचा फरक आहे. एच-फॅक्टर, म्हणजे तापमान आणि वेळ मिळून किती शिजलं त्याचा आकडा, काढून बघा. १०० अंशाला लिग्निन सुटण्याचा वेग १ धरला तर १६० ला तो साधारण ४००, १६५ ला ६१५ आणि १७० ला ९३०. दीड तासाचे हिशोब अनुक्रमे ६००, ९२० आणि १४००. म्हणजे तुमचा दुसरा कुक पहिल्याच्या सव्वादोन पटींहून जास्त शिजलाय. १६० ला सव्वादोन तास ठेवलं तर १६५ च्या दीड तासाइतकंच काम होतं. वाढलेल्या तापमानात लिग्निन सुटतं तसे सेल्युलोजचे साखळदंडही तुटतात. पल्पची व्हिस्कॉसिटी (सेल्युलोजच्या साखळ्या किती लांब उरल्या त्याचं माप) मोजा, १७० चा पल्प कुठे मार खातोय ते लगेच दिसेल.

कुकनंतरच्या काळ्या पाण्यातली, म्हणजे ब्लॅक लिकरमधली, उरलेली अल्कलीही बघा. ती फार खाली गेली तर सुटलेलं लिग्निन पुन्हा तंतूवर बसतं आणि पल्प उगाच काळपट निघतो.

रानपाखरू
सोडियम ऑक्साइडच्या हिशोबातच आहे, ओलावाही वजा करते. पण टिअर दोन्ही पल्पचं पीएफआय मिलच्या (लॅबमधल्या तंतू कुटायच्या, म्हणजे बीटिंगच्या यंत्राच्या) सारख्याच फेऱ्यांवर मोजलं होतं. ते चुकलं का?

जलतरंग
हो, तिथे गफलत आहे. झायलन (लाकडातलं सेल्युलोजखेरीजचं एक कार्बोहायड्रेट) जास्त टिकलेला पल्प बीटिंगला लवकर येतो, त्यामुळे सारख्या फेऱ्यांना दोन पल्प सारख्या स्थितीत नसतात. तीन-चार टप्प्यांवर शीट काढा आणि तुलना सारख्या टेन्साइलवर (ताण सोसायच्या ताकदीवर) करा, नाहीतर सारख्या शॉपर-रिगलरवर (पल्पमधून पाणी निथळण्याच्या मापावर). आणखी एक : एकीकडे ओला पल्प आणि दुसरीकडे वाळवून पुन्हा भिजवलेला, असं मिसळू नका. एकदा वाळलेला तंतू आखडतो, पहिल्यासारखा फुगत नाही.

पानगळ
साहेबांच्या मुद्द्यावर बोलतो. १५ आणि २३ कप्प्यातला सगळा फरक लिग्निनचा असतो असं धरू नका. निलगिरीच्या झायलनच्या बाजूला जे ग्लुकुरोनिक आम्लाचे गट असतात, त्यांचं कुकमध्येच हेक्झेन्युरोनिक आम्ल होतं. तेही कप्प्याच्या चाचणीतलं परमँगनेट खातं, म्हणून कप्प्यात मोजलं जातं. १९९५ च्या सुमारास फिनलंडच्या संशोधकांनी हे दाखवलं, तोवर हा सगळा भार लिग्निनच्या नावावर जात होता. निलगिरीत कप्प्याचे चार-पाच आकडे यानेच व्यापलेले असू शकतात. कुक लांबवून ते काढायला गेलात तर जातो तो चांगला झायलन, आणि त्याच्याबरोबर यील्ड आणि तंतूंची पकड. पीएच ३ च्या आसपास, ९० अंशांवर दोन तास ऍसिड दिलं तर ते निघतं, क्लोरीन डायऑक्साइड कमी लागतो आणि कागद नंतर पिवळा पडण्याचं प्रमाणही घटतं.

(व्हिस्कोसच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या पल्पचं तंत्र वेगळं. तिथे कुकच्या आधी प्रीहायड्रोलिसिस करून झायलन मुद्दाम काढून टाकतात, कर्नाटकात हरिहरच्या मिलमध्ये निलगिरीवर हेच चालतं. तिथले आकडे कागदाच्या पल्पला लावू नका.)

तुमच्याकडे ऑक्सिजन स्टेज (ब्लीचिंगच्या आधी ऑक्सिजनने लिग्निन काढायची पायरी) आहे का?

रानपाखरू
नाही. थेट क्लोरीन डायऑक्साइड.

पानगळ
मग साहेबांचं म्हणणं अगदीच खोडून काढता येणार नाही, २३ कप्पा ब्लीचिंगला महागच पडेल. पण मधल्या, म्हणजे १८ कप्प्याचा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा. यील्ड ४४ वरून ४६ झालं तर टनभर पल्पमागे साधारण १०० किलो कोरडं लाकूड वाचतं, आणि तेवढाच रिकव्हरी बॉयलरवरचा (ब्लॅक लिकर जाळायच्या बॉयलरवरचा) भारही कमी होतो. एका पारड्यात हे घाला, दुसऱ्यात जास्तीचा डायऑक्साइड.

रानपाखरू
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. चिप्स चिरल्या, काकांनी सांगितलेली फिकट पट्टी प्रत्येकीत होती. सगळ्यात जाड चिप अकरा मिलिमीटरची निघाली. आठच्या वरच्या सगळ्या बाजूला काढून १६५ अंशांना दीड तास शिजवलं, अल्कली तीच. कप्पा १८, यील्ड ४६.१, रिजेक्ट अर्ध्या टक्क्याच्या आत. सारख्या टेन्साइलला टिअर १७० च्या पल्पपेक्षा स्पष्ट जास्त आलं. व्हिस्कॉसिटीही वर आहे.

साहेबांनी पुढच्या तीन कुकच्या रकान्यात स्वतःच्या हाताने १६५ लिहिलं आणि चिपरच्या सुऱ्या कधी बदलल्या होत्या ते विचारायला खाली गेले. उद्यापासून ऍसिड स्टेज लावते. पीएच ३ वर व्हिस्कॉसिटी फार पडली तर ३.५ वर जाऊ का, पानगळ?

पानगळ
हो, जा. पण आधी वेळ दीड तासावर आणून बघा.