प्रति: मेश लावल्यापासून डेटा दुप्पट कसा?

मेशचे डबे (घरभर वायफाय पोचावं म्हणून ठिकठिकाणी ठेवलेले, एकमेकांना जोडलेले राउटर) आपसात बोलतात म्हणून डेटा दुप्पट मोजला जातो, हे वर आलेलं म्हणणं पटत नाही. डब्यांमधली ही देवाणघेवाण घराच्या आतच राहते. इंटरनेट कंपनीच्या मीटरवर फक्त बाहेर गेलेलं आणि बाहेरून आलेलं चढतं. डब्याच्या ॲपमधला आकडा फुगलेला असू शकतो, तेव्हा आधी कंपनीच्या खात्यातला आकडा बघा. तिथेही दुप्पट दिसत असेल तरच पुढची शोधाशोध.

आणि ती करताना अपलोडचा रकाना सोडू नका. डाउनलोडकडे सगळेच बघतात, पण बऱ्याच प्लॅनच्या मर्यादेत दोन्ही धरतात. आमच्याकडे आई-बाबांच्या घरी चोर सापडला तो अंगणातला कॅमेरा. जुन्या राउटरची रेंज तिथवर धड पोचत नव्हती, त्यामुळे तो बिचारा अर्धा वेळ ऑफलाइनच असायचा. मेश आल्यावर चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवू लागला. २ एमबीपीएसचा (सेकंदाला २ मेगाबिट) प्रवाह अखंड चालला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी, महिन्याला ६५० च्या आसपास! असे दोन-तीन कॅमेरे असले तर हिशोब तुम्हीच करा. सतत चित्रण बंद करून 'हालचाल दिसली तरच' ठेवलं, बाकीचं मेमरी कार्डावर. तरी तुळस वाऱ्याने हलली की क्लिप जायचीच, म्हणून तेवढा कोपरा सेटिंगमधून वगळावा लागला.

विंडोजचा लॅपटॉप असेल तर अपडेटच्या सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'ही बघून घ्या. इंटरनेटवरच्या इतर संगणकांना अपडेट पुरवायची परवानगी तिथे चालू असली, तर तोही अपलोड तुमच्याच खात्यातून जातो.