सॉलिसिटर फोनच उचलत नाही! इस्टेटीच्या कामातले तुमचे अनुभव सांगा

मंजू_यूके :
माझे काका इंग्लंडमध्येच वारले, मूलबाळ नाही, मृत्युपत्रात आम्ही तिघी पुतण्या. एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा) म्हणून काकांनी सॉलिसिटरच्या, म्हणजे वकिलांच्या फर्मलाच नेमलेलं. प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी) मिळून चौदा महिने झाले, घरही विकून झालं आणि आता ईमेलला उत्तरच नाही. फोन केला की "मीटिंगमध्ये आहेत". काढून टाकू म्हटलं तर प्रोबेट निघाल्यावर कोर्टाशिवाय ते होत नाही म्हणे. कोणी यातून गेलंय का?

तिरसट आजोबा :
गेलोय की. माझ्या केसमध्ये मीच एक्झिक्युटर होतो, सॉलिसिटर फक्त कामाला लावलेला. बिल बघून चक्कर आली, कारण वेळ सहा-सहा मिनिटांच्या युनिटमध्ये मोजतात आणि मी दर आठवड्याला "काय झालं?" असा एका ओळीचा मेल टाकायचो, त्या प्रत्येकाचं एक युनिट!! म्हणजे माझीच काळजी मला महागात पडली. मग महिन्याचे सगळे प्रश्न एकाच मेलमध्ये लिहायला लागलो.

निळी_छत्री :
मंजूताई, नुसती आठवण करून देऊ नका, "तक्रार" हा शब्द घालून लिहा. पत्राच्या डोक्यावरच औपचारिक तक्रार असं लिहायचं, कुठल्या तारखेला काय विचारलं, काय उत्तर आलं (किंवा नाही आलं) ते खाली. फर्मला आठ आठवडे मिळतात, तेवढ्यात समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बुड्समनकडे (वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, फुकट आहे. आणि हो, वारस म्हणून तुम्हालाही जाता येतं, तुम्ही त्यांचे क्लायंट नसलात तरी. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, वर्ष वाया घालवलं. फर्मचा फायनल रिस्पॉन्स (शेवटचं उत्तर) आला की सहा महिन्यांच्या आत जायचं, ती तारीख लिहून ठेवा. आमच्या फर्मने तर तक्रारीचं उत्तर लिहायचा वेळसुद्धा बिलात लावला होता, नियमाने तक्रार फुकट हाताळायची असते हे दाखवल्यावर गुपचूप काढला.

पाटीलबुवा :
थोडं उलट बोलतो, रागावू नका. सगळाच उशीर वकिलाचा नसतो. मृत्युपत्रात आपल्याला पुरेसं ठेवलं नाही असा दावा जवळच्या कोणी लावायचा तर प्रोबेटपासून सहा महिने असतात, म्हणून शहाणा माणूस तोवर पैसे वाटत नाही. पण चौदा महिने म्हणजे अतिच झालं. माझ्या आत्याच्या वेळी इन्हेरिटन्स टॅक्स (वारसा कर) भरायलाच उशीर केला, मृत्यूच्या महिन्यानंतर सहाव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरायचा असतो, नाहीतर व्याज चालू. चूक त्यांची, व्याज आमच्या वाट्याचं! भांडून भांडून शेवटी फर्मने भरून दिलं, माफी मात्र नाही मागितली.

निळी_छत्री :
एक राहिलं. पैशाची अफरातफर, खोटेपणा असा संशय असेल तर तो विषय एसआरएचा (सॉलिसिटरांवर नियंत्रण ठेवणारी संस्था), ऑम्बुड्समनचा नाही. आणि स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी.

मंजू_यूके :
सगळ्यांचे आभार. सोमवारी पत्र टाकलं, इस्टेटीचा पूर्ण हिशोबही मागितला. आज सकाळी चक्क त्यांचाच फोन. म्हणे हिशोब शुक्रवारपर्यंत देतो, पण तेवढा "तक्रार" शब्द मागे घेता येईल का? म्हटलं, आधी शुक्रवार तर येऊ दे.