ओटीपीच्या रिक्वेस्ट मोजायच्या कशा? सल्ला हवा

रातकिडा
मंडळी, एका हौशी नाट्यसंस्थेला तिकीट बुकिंगची साइट करून दिलीय. नोड-एक्सप्रेसवर (जावास्क्रिप्टचा सर्व्हर) ॲप, त्याच्या पुढे एनजिनएक्स (आधी रिक्वेस्ट घेऊन ॲपकडे देणारा प्रॉक्सी), एकच व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर). मोबाइल नंबर टाकला की ओटीपी जातो. परवा रात्री 2 ते 6 मध्ये कोणीतरी स्क्रिप्ट लावून तो एपीआय बडवला, 10 हजार एसएमएसचं क्रेडिट साफ. माझी मर्यादा होती: एका आयपीला मिनिटाला 5. मोजणी कोडमधल्याच एका मॅपमध्ये (ॲपच्या मेमरीतली यादी). तरी लॉगमध्ये एकाच आयपीला मिनिटाला 20 गेलेले दिसतायत. कोड इतक्यांदा वाचला की आता पाठ झालाय. काय चुकतंय? एवढ्याशा साइटला रेडिस (मेमरीत चालणारा वेगळा डेटाबेस) लावणं म्हणजे अति होईल का?

सांडगी_मिरची
पीएम2 क्लस्टर मोडमध्ये (एकाच ॲपच्या अनेक प्रती एकदम) चालवताय का? किती प्रोसेस?

रातकिडा
चार... अरे देवा.

सांडगी_मिरची
:) प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, म्हणजे चार दुकानदार आणि चार उधारीच्या वह्या, प्रत्येकीत 5, झाले 20. रीस्टार्ट झालं की वही कोरी, ते वेगळंच. रेडिस लावा, अति वगैरे काही नाही, त्याच व्हीपीएसवर मावतं. रिक्वेस्ट आली की इन्क्र (त्या आयपीचा आकडा एकाने वाढवा), उत्तर 1 आलं तर एक्सपायर 60 सेकंद (तेवढ्या वेळाने आकडा पुसला जातो). पाचाच्या वर गेलं की 429 (‘फार रिक्वेस्ट झाल्या’ हा कोड).

खडूस_काका
बरोबर, पण इन्क्र झालं आणि एक्सपायरच्या आधीच प्रोसेस मेली तर ती की (रेडिसमधली नोंद) कधीच संपत नाही. आकडा वाढत राहतो आणि तो माणूस कायमचा बाद. आमच्या एका गिऱ्हाइकाला तीन दिवस लॉगिन होईना, आम्ही आपले त्याला पासवर्ड बदलायला सांगतोय! दोन्ही कामं एका लुआ स्क्रिप्टमध्ये (रेडिसच्या आतच चालणारा छोटा कोड) घाला, रेडिस ती चालवताना मध्ये दुसरं काही घुसू देत नाही.

आणि या पद्धतीत एक मिनिट संपून दुसरं सुरू होण्याच्या सांध्यावर गळती असतेच. पहिली रिक्वेस्ट 0 व्या सेकंदाला, चार 59 व्याला, पाच 61 व्याला. दोन सेकंदांत नऊ गेल्या. ओटीपीला एवढं चालून जाईल. नाही चाललं तर टोकन बकेट वापरा (टोकनं ठरावीक वेगाने भरतात, दर रिक्वेस्टला एक खर्च).

पाऊलवाट
मला मुळात आयपीवर मोजणंच पटत नाही. मोबाइल कंपन्या एका आयपीव्ही4 पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात. बुकिंग उघडल्या दिवशी तुमचे खरे प्रेक्षकच अडकतील. उलट आयपीव्ही6 वाल्याकडे पत्त्यांचा डोंगर, तिथे निदान /64 वर (सहसा एका जोडणीला मिळणारा पत्त्यांचा गट) तरी मोजा. एसएमएसचे पैसे नंबरमागे जातात ना, मग एका नंबरला तासाला 3 आणि सगळ्या साइटला मिळून दिवसाची एक छप्पर-मर्यादा. ही दुसरी असती तर परवा एवढं गेलंच नसतं.

सांडगी_मिरची
+१. बाहेरचं दार म्हणून एनजिनएक्सचं लिमिट-रिकही (रिक्वेस्टचा वेग आवरणारी सोय) लावून ठेवा. फक्त ते अडवताना मुळात 503 (‘सेवा उपलब्ध नाही’) देतं, स्टेटस 429 करून घ्या. (अवांतर: 429 हा कोड 2012 च्या आरएफसी 6585 या इंटरनेट-मानकातला. त्याआधी जो तो मनाला येईल तो आकडा द्यायचा.)

खडूस_काका
रातकिडा, तुमचा हिशोब जुळत नाहीये. मिनिटाला 20, चार तास म्हणजे 4800. बाकीचे कुठून गेले? एक्सप्रेसमध्ये ट्रस्ट प्रॉक्सी (पुढच्या प्रॉक्सीने कळवलेला आयपी कितपत मानायचा, ती सेटिंग) काय ठेवलंय?

रातकिडा
ट्रू. कुठल्याशा उत्तरातून उचललं होतं.

खडूस_काका
तिथेच मेख आहे. ट्रू म्हटलं की एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमधला (रिक्वेस्टसोबत येणारी, ती कुठून कुठून आली त्या पत्त्यांची यादी) सगळ्यात डावीकडचा पत्ता खरा मानला जातो, आणि तो समोरचा हवा तसा लिहून पाठवू शकतो. तुमच्यापुढे एकच प्रॉक्सी आहे, तिथे 1 लिहा. मग एनजिनएक्सचा लॉग ॲपच्या लॉगशी ताडून बघा.

रातकिडा
बघितलं. एनजिनएक्सकडे रात्रभर एकच आयपी. ॲपच्या लॉगमध्ये मात्र 3 वाजेपर्यंत तो एकच, त्यानंतर दर रिक्वेस्टला नवा. म्हणजे तासभर 20 वर अडला आणि मग गड्याला हेडर सापडला.