कालव्याला सेन्सर हवेत की चालणारा माणूस?

काठावरचा:
कालव्याच्या देखभालीचा विषय निघाला की हल्ली सेन्सर आणि ड्रोनशिवाय कुणी बोलतच नाही. माझं मत उलटं आहे. मातीच्या भरावाचा कालवा अनेकदा आतून पोखरला जाऊन फुटतो. पाणी बारीक वाट शोधतं, जाताना मातीचे कण नेतं, वाट रुंदावते आणि एका रात्रीत काठ जातो. याची खूण बाहेरच्या पायथ्याशी आधी दिसते: भर उन्हात ओली जागा, मधेच हिरवंगार गवत, गढूळ पाझर. नितळ पाझर एक वेळ चालेल, गढूळ नाही. रोज काठाने चालणाऱ्याला हे दिसतं. पायझोमीटर, म्हणजे मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं, असतात मोजक्या जागी, भोक पडतं त्यांच्या मधे. पैसा पाटकऱ्यांवर घाला.

अर्धी_बादली:
असहमत. अमेरिकेत नेवाडातल्या फर्नली गावाजवळ ट्रकी कालवा ५ जानेवारी २००८ रोजी पहाटे अंधारात फुटला. ५९० च्या आसपास घरांत पाणी शिरलं. कारण निघालं कुरतडणाऱ्या प्राण्यांची बिळं. तुमचा माणूस त्या वेळी झोपलेला असणार. भरावाच्या पायथ्यात ऑप्टिकल फायबर पुरली तर ती पूर्ण लांबीभर तापमान मोजते. झिरपणारं पाणी आजूबाजूच्या मातीहून थंड किंवा गरम असतं, त्यावरून गळती कुठे आहे ते कळतं. ‘मधे भोक’ हा मुद्दा तिथेच संपला.

काठावरचा:
नव्या भरावात फायबर जरूर घाला. जुन्या काठात ती पुरायला पायथा खणावा लागेल. ज्याची भीती तोच खणायचा? आणि बिळं शोधणं, झुडपं काढणं हे माणसाचंच काम, म्हणजे फर्नली माझ्या बाजूने.

बिजागरी:
दोघंही मातीतच अडकलात. बोटी चढवण्या-उतरवण्याच्या लॉकचं, म्हणजे जलपाशाचं, दुखणं वेगळं. दर वेळी कक्ष भरला-उपसला की दरवाजाच्या पोलादावर ताण चढतो आणि उतरतो. हजारो फेऱ्यांनी ते शिणतं, वेल्डिंगच्या जोडाजवळ तडा जातो, तोही बऱ्याचदा पाण्याखाली. डोळ्यांनी नीट बघायचं तर कक्ष कोरडा करा, म्हणजे वाहतूक बंद. ओहायो नदीवरच्या मार्कलँड लॉकचा दरवाजा सप्टेंबर २००९ मध्ये निकामी झाला आणि मुख्य कक्ष सुमारे ५ महिने बंद राहिला. स्ट्रेन गेज, म्हणजे पोलाद किती ताणलं जातं (स्ट्रेन) ते मोजणारे सेन्सर, इथे कामाचे. दरवाजाची दोन पाखं मिटताना टेकायच्या जागी फट राहिली की भार भलतीकडे सरकतो, ते आकड्यांत उमटतं. काठावरून चालून ते कसं कळणार?

काठावरचा:
दरवाजांपुरतं मान्य.

गाळ_आणि_मी:
आकडे वाचतं कोण, हे कुणी बोलत नाही. ऊन चढलं तरी स्ट्रेन बदलतो. खोटा गजर तीनदा वाजला की चौथ्या वेळी बटण बंद. पनामाच्या नव्या कोकोली लॉकमध्ये ऑगस्ट २०१५ ला चाचणीसाठी पाणी भरलं, तेव्हा उंबऱ्याच्या काँक्रीटमधून पाणी झिरपताना दिसलं. लोखंडी सळया कमी पडल्या होत्या. साधी भरून बघायची चाचणी!

अर्धी_बादली:
तापमान मोजून त्याचा परिणाम वजा करता येतो, ही काही नवी गोष्ट नाही. आणि गजर बंद करतो तोही माणूसच ना? त्याच्याच भरवशावर अख्खा कालवा सोडायचा?

काठावरचा:
बरं, गजर खरा निघाला. पुढे? घाईने कालवा उपसलात तर काठातलं पाणी मागे राहतं, ते आतून दाबतं आणि चांगला काठही आत घसरतो. अस्तर उचललं जातं ते वेगळंच.

अर्धी_बादली:
मग काय, काठ वाहून जाईपर्यंत बघत बसायचं?

काठावरचा:
नाही. दोन्हीकडे फळ्या टाकून तेवढाच तुकडा वेगळा करून उपसायचा, बाकी कालवा भरलेला ठेवायचा. फक्त फळ्या बसायच्या खाचा मोकळ्या हव्यात. त्या शेवटच्या कधी साफ केल्या, हे कुठल्या स्क्रीनवर दिसतं?

गाळ_आणि_मी:
खाचांना +१. फळ्या जागेवर असतील तर.