मदत हवी आहे: फिल्म कॅमेरा घेऊन बाबांसोबत दोन दिवस मुंबई (फोर्ट परिसर)

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मी बाबांना घेऊन कोल्हापूरहून मुंबईला येते आहे. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, शनिवारी सकाळी सीएसएमटी, रविवारी रात्री त्याच गाडीने परत. मुक्काम दादरला आत्याकडे. दोन दिवस फक्त फोटो काढायचे आहेत, तेही फिल्मवर.

कॅमेरा बाबांचा, पेंटॅक्स के१०००, सोबत ५० मिमीची एकच लेन्स. १९८६ साली बाबा ऑफिसच्या कामासाठी मुंबईला गेले होते, तेव्हा त्यांनी 'इंदू'चा, म्हणजे ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, एक कृष्णधवल रोल फोर्टात संपवला. त्याची कॉन्टॅक्ट शीट (रोलमधल्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात छापलेला कागद) परवा ट्रंकेत सापडली. प्रत्येक फ्रेमखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: 'व्ही. टी., संध्या.' (म्हणजे आताचं सीएसएमटी), 'ओव्हल, मॅच', 'टाउन हॉल, पायऱ्या'. १७ नंबरखाली मात्र काहीच नाही. कमानींची रांग आहे, पण सरळ नाही, गोल वळत गेलेली. खांबाला सायकल टेकवलेली आणि एक हमाल टोपली उशाला घेऊन झोपलाय. बाबा म्हणतात, जागा आठवत नाही, ऊन आठवतंय.

मला त्याच जागी उभं राहून त्या फ्रेम पुन्हा काढायच्या आहेत. सगळ्या ३६ नकोत, सात-आठ मनासारख्या मिळाल्या तरी खूप झालं. बाबा आता ७३ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवत नाही. पण त्यांच्याशिवाय हे करण्यात मला काहीच अर्थ वाटत नाही. त्यामुळे दिवसाची आखणी कशी करावी, कुठे कुठल्या वेळी जावं, मध्ये बसायला जागा कुठे आहे, हे मुंबईकरांनी सांगावं. ससून डॉकला, म्हणजे मासळीच्या बंदरावर, पहाटे जावं का?

दुसरं, रोल किती आणि कुठले घेऊ? तीन आणायचा विचार आहे. मुंबईतच धुवून घ्यावेत की परत आल्यावर?

आणि एक भीती आहे. दिवाळीत पन्हाळ्यावर अख्खा रोल काढला, आकडा ३६ वर गेला, आणि धुतल्यावर फिल्म कोरी. ती कॅमेऱ्यातल्या स्पूलवर (फिल्म गुंडाळणाऱ्या रिळावर) चढलीच नव्हती. बाबांची बोटं आता थरथरतात, म्हणून रोल मी घालते आणि ते शेजारी बसून सांगतात. मुंबईत असं झालं तर पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही.

---

फोर्टकर:

ताई, १७ नंबर म्हणजे हॉर्निमन सर्कल, माझी जवळजवळ खात्री आहे. गोल वळत जाणाऱ्या तशा कमानी फोर्टात तिथेच. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर बाग आणि बागेपलीकडे त्या इमारती. तुमच्या बाबांनी दोन्ही फोटो एकाच फेरीत काढले असतील असं मला आधी वाटलं, पण उन्हाचा हिशेब जुळत नाही. टाउन हॉलचं तोंड पश्चिमेला, त्याच्या खांबांवर ऊन दुपारनंतर येतं. समोरच्या कमानींचं तोंड पूर्वेकडे, तिथे ऊन सकाळी आत शिरतं. १७ नंबरमध्ये ऊन कमानीच्या आत आलंय का, तेवढं बघून सांगा.

दोन दिवसांची आखणी याच हिशेबाने करा, जागांच्या यादीने नको. सीएसएमटीची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढायचा मोह होईल, पण तेव्हा सूर्य इमारतीच्या मागे असतो. बाबांनी 'संध्या.' लिहिलंय ते उगाच नाही. ओव्हलवरही तसंच: राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट मैदानाच्या पूर्वेला, त्यांच्यावर चारनंतर छान ऊन येतं. पश्चिमेच्या आर्ट डेको शैलीतल्या जुन्या इमारती सकाळी उजळतात. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेचार ते सहा एवढाच वेळ हातात.

ओव्हल रविवारीच ठेवा, मैदानभर क्रिकेट चालू असतं. फोर्टातली ऑफिसं बंद असल्याने गर्दीही कमी. बाबांना हॉर्निमनच्या बागेत बाकावर बसता येईल. टाउन हॉलच्या तीस पायऱ्या त्यांना चढायला लावू नका, तो फोटो खालूनच चांगला येतो. ससून डॉक या खेपेला सोडा. बंदराच्या हद्दीत परवानगीशिवाय फोटो काढता येत नाहीत, शिवाय जमीन ओली आणि निसरडी असते.

डार्करूम:

तीन रोल पुरेत. मूळ रोल कृष्णधवल आहे तर दोन इलफर्ड एचपी५ (कृष्णधवल) घ्या, तिसरा रंगीत कोडॅक गोल्ड २०० आर्ट डेकोसाठी. एचपी५ भर उन्हात एफ १६ (छिद्र) आणि १/५०० सेकंद (शटर) वर बरोबर बसते. कमानीत मात्र उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाहेरच्या उजेडाने तो फसतो आणि आतला माणूस काळा होतो. दोन पावलं पुढे जाऊन सावलीतल्या भिंतीवर काटा मधोमध आणा, मग मागे येऊन फोटो काढा.

रोल घातल्यावर डावीकडची रिवाइंडची कळ हलक्या हाताने रिवाइंडच्या दिशेने फिरवून फिल्म ताणून घ्या. मग फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना त्या कळीकडे बघा. ती आपोआप फिरली तरच फिल्म पुढे सरकते आहे. आकड्यावर जाऊ नका, तो फिल्म नसतानाही पुढे जातो. आणि के१०००ला मीटर बंद करायचं बटण नसतं, लेन्सवर झाकण नसलं की सेल संपत राहतो. एक एलआर४४ (बटणसेल) जास्तीचा ठेवा. सेल संपला तरी शटर चालतं, फक्त मीटर जातं.

धुवायची घाई नको, रोल घरी न्या. बाबांची फिल्म धुवायची टाकी असेल तर एचपी५साठी आयडी-११ (डेव्हलपर) पाण्यात एकास एक, २० अंशांवर १३ मिनिटं.

दादरची:

रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) कुठल्या लाइनला आहे ते आदल्या दिवशी बघा. बाबा सोबत असताना सरळ टॅक्सी केलेली बरी. मेट्रोने गेलात तर बॅग एक्स-रेमधून जाते, रोल हातात काढून ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. रोल कमी पडले तर फोर्टातल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत, शनिवारीच जा, रविवारी दुकानं बंद असतात.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार! फोर्टकर, तुमचा प्रतिसाद वाचून भिंग घेऊन बसले. ऊन कमानीच्या आत आलंय, झोपलेल्या हमालाच्या पावलांपर्यंत. बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे. गाडी सकाळी लागली होती. ऑफिस दहाला उघडायचं, तोवर मी चालत सुटलो होतो."

म्हणून शनिवारी सकाळी सीएसएमटीला न थांबता टॅक्सीने आधी हॉर्निमनला. मग आत्याकडे जेवण आणि आराम, चारनंतर टाउन हॉल आणि शेवटी सीएसएमटी. रविवारी सकाळी आर्ट डेको, दुपारनंतर ओव्हल. टाकी माळ्यावर सापडली आहे, झाकणाचं रबर तेवढं बदलावं लागेल. कोल्हापुरात किंवा मुंबईत ते कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?